पुदिना : पानकाचा आधार की प्रक्षेप?

प्रास्ताविक



चैत्र-वैशाखात सोलापूर जिल्ह्यात तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते आणि चिकित्सालयात येणारा जवळजवळ प्रत्येक रुग्ण औषधाबरोबर 'थंड काय घेऊ?' हा प्रश्न विचारतो. याच दिवसांत आमच्या वेळापूर परिसरात, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या वस्त्यांत, परसदारचा पुदिना मात्र हिरवागार असतो. एकदा लावलेली काडी जमिनीलगत धावणाऱ्या फुटव्यांनी सगळा वाफा व्यापते. खुडावा तितका तो वाढतो. घरात इतका पुदिना आणि बाहेर इतके ऊन, तेव्हा पुदिन्याचे सरबत करून प्यावे, हा विचार गृहिणीला सुचतो तसाच वैद्यालाही सुचतो. अलीकडे लग्नकार्यात स्वागताला हिरव्या रंगाचे, सोडा घातलेले पुदिन्याचे पेय देण्याची पद्धत आमच्याकडेही रूढ झाली आहे. 'पुदिना थंड' ही समजूत त्यामुळे अधिकच दृढ झाली.

ही समजूत एके काळी मीही बाळगून होतो. सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचेचाळिशीतील एक शेतकरी, अम्लपित्ताचा जुना रुग्ण, उन्हाळ्यात चिकित्सेसाठी आला. अविपत्तिकर चूर्णाची योजना केली आणि उठता उठता, फारसा विचार न करता, 'घरी पुदिना आहे ना, मग त्याचे लिंबू घालून सरबत घेत जा' असे सांगितले. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा छातीतील दाह वाढलेला होता, रात्री घशाशी आंबट येत होते. मी औषधाची मात्रा वाढवली. पुढच्या खेपेस तक्रार तशीच. तेव्हा आहाराची पुन्हा चौकशी केली. तो सहजपणे म्हणाला, 'डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितल्यापासून रोज तांब्याभर सरबत घेतोय की!' सरबत बंद केले, धन्याचा हिम सुरू केला आणि पूर्वीच्याच औषधाने आठवड्यात उपशय मिळाला.

दोष द्रव्याचा नव्हता, माझ्या योजनेचा होता. त्या प्रसंगानंतर पुदिन्याचा व पानककल्पनेचा मी पुन्हा अभ्यास केला. त्यातून हाती आलेले सूत्र असे : पुदिना हा पानकाचा आधार नव्हे, तो प्रक्षेप आहे. हे सूत्र सांभाळले तर परसातील पुदिन्यापासून अतिशय रुचकर व उपयुक्त पेये करता येतात. ते सुटले तर तोच पुदिना त्रासदायक ठरतो. प्रस्तुत लेखात या सूत्राची कारणमीमांसा व प्रत्यक्ष कल्पना यांचा विचार करावयाचा आहे.

द्रव्यपरिचय

पुदिना या नावाने हे द्रव्य बृहत्त्रयीत आढळत नाही. 'पुदिना' हा शब्दच फारसीतून आला आहे. आधुनिक काळातील द्रव्यगुणग्रंथांत त्याचे वर्णन 'पूतिहा' या नावाने येते. रस कटु, गुण लघु, रूक्ष व तीक्ष्ण, विपाक कटु आणि वीर्य उष्ण. दोषघ्नता कफवातशामक. रोचन, दीपन, वातानुलोमन, छर्दिनिग्रहण व कृमिघ्न ही त्याची प्रमुख कर्मे होत.

संहिताकाळातील कोणत्या गटात हे द्रव्य बसवता येईल, असा प्रश्न विचारला तर चरकाच्या अन्नपानविधी अध्यायातील हरितवर्ग डोळ्यांसमोर येतो. आले, तुळस, ओवा, धने अशी ओली, सुगंधी, तोंडी लावण्याची द्रव्ये तेथे एकत्र आहेत. त्यांतील धान्यक, अजगंधा व सुमुख यांविषयी चरकाने जे म्हटले आहे ते पुदिन्याला तंतोतंत लागू पडते : ही द्रव्ये रुची देणारी, सुगंधी व फारशी तिखट नसलेली आहेत; परंतु ती दोषांचा उत्क्लेश करतात. यातील शेवटचा भाग आपण बहुधा विसरतो. माझ्या रुग्णाच्या बाबतीत हा उत्क्लेशच प्रत्ययास आला.

वनस्पतिशास्त्रदृष्ट्या 'पुदिना' हे एकच द्रव्य नाही, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या परसात व भाजीबाजारात मिळतो तो प्रामुख्याने मेन्था स्पायकाटा. त्याच्या सुगंधी तेलात कार्व्होन हा घटक प्रधान असून मेंथॉल नगण्य असते. दुसरा मेन्था आर्व्हेन्सिस, म्हणजे जपानी पुदिना. उत्तर प्रदेशात बाराबंकी, रामपूर, बदायूँ या भागांत त्याची मोठ्या प्रमाणावर शेती होते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने त्याचे सुधारित वाण दिले आहेत. बाजारात 'पिपरमिंटचे फूल' किंवा पुदिनासत्त्व म्हणून मिळणारे स्फटिकरूप मेंथॉल मुख्यतः याच्या तेलापासून निघते. तिसरा मेन्था पिपेरिटा, म्हणजे पाश्चात्त्य वैद्यकातील पेपरमिंट. त्यातही मेंथॉल प्रधान आहे.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. दंतमंजन, गोळ्या, मलम यांतून जो 'गार' अनुभव आपल्याला परिचित झाला तो मेंथॉलचा आहे. परसातील पुदिना त्या मानाने फारसा गारवा देतच नाही. तो देतो सुगंध आणि रुची. म्हणजे एका द्रव्याची कीर्ती दुसऱ्या द्रव्याच्या नावावर जमा झाली आहे. कार्व्होनचाच आरशातील प्रतिबिंबासारखा असलेला दुसरा प्रकार शेपूच्या बियांत, म्हणजे आपल्या बाळंतशोपेत आढळतो. बाळंतशोपेला कोणी थंड म्हणत नाही. तिचे वातानुलोमन मात्र सर्वमान्य आहे.

शीत स्पर्श व उष्ण वीर्य

मग मेंथॉल तरी शीत आहे काय? या प्रश्नाचे उत्तर आधुनिक शरीरक्रियाशास्त्राने अलीकडे स्पष्ट केले. २००२ साली डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पटापूशियन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे टीआरपीएम-८ हा ग्राहक शोधला. तापमान सुमारे २५ अंशांच्या खाली गेले की हा ग्राहक उद्दीपित होतो आणि मेंदूला शीतस्पर्शाचे ज्ञान होते. मेंथॉल याच ग्राहकाला उद्दीपित करते. तापमान प्रत्यक्षात उतरलेले नसते. केवळ शीताची संवेदना उत्पन्न होते. तापमान व स्पर्श यांच्या ग्राहकांवरील संशोधनाबद्दल या दोघांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर जिभेला जाणवतो तो स्पर्श, आणि शरीरात जे कार्य घडते ते वीर्य. स्पर्श शीत असलेले द्रव्य वीर्याने उष्ण असू शकते. द्रव्याचा निर्णय जिभेवरच्या पहिल्या क्षणावरून करू नये, तो कर्मावरून करावा, हा आपला जुनाच सिद्धांत आहे.

कर्माच्या बाजूनेही विचार करू. पेपरमिंटचे तेल आतड्यातील अनैच्छिक स्नायूंचा ताण कमी करते. म्हणून आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्यांतून ते ग्रहणीसदृश पोटदुखीत वापरले जाते. हे वातानुलोमनच होय. परंतु तोच शैथिल्याचा परिणाम अन्ननलिकेच्या खालच्या द्वारावर झाला तर आमाशयातील अम्ल वर येते. लाभ आणि अपाय एकाच कर्मातून निघतात; स्थान तेवढे बदलते. परसातील पुदिन्यावरही निरोगी व्यक्तींमध्ये चाचणी झाली असून ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्या चाचणीत द्वाराचा दाब घटलेला आढळला नाही; मात्र मोठ्या मात्रेत छातीतील तक्रारी वाढल्या आणि त्याचे कारण श्लेष्मल त्वचेचा प्रत्यक्ष क्षोभ असावे, असे अनुमान काढण्यात आले. तीक्ष्ण गुणाचे याहून नेमके उदाहरण शोधण्याची गरज नाही. येथे महत्त्वाचा शब्द 'मोठी मात्रा' हा आहे.

पानकाची शास्त्रीय घडण

सुश्रुताने अन्नपानविधी अध्यायात पानकांचे वर्णन केले आहे. गुळाचे पानक गुरू व मूत्रल सांगितले असून द्राक्षाचे पानक श्रम, मूर्च्छा, दाह व तृष्णा यांवर सांगितले आहे. भावप्रकाशाच्या कृतान्नवर्गात ही कल्पना अधिक तपशिलाने येते. तेथील तीन पानके आपल्या विषयासाठी मार्गदर्शक आहेत.

पहिले आम्रप्रपानक. कच्ची कैरी उकडून, कोळून, साखर व थंड पाणी घालून, वर कापूर व मिरी. आपल्या घरातील पन्हे ते हेच. दुसरे निंबूपानक. लिंबाचा रस एक भाग, साखरेचे पाणी सहा भाग, वर लवंग व मिरी. तिसरे धान्यकपानक. धने वाटून, वस्त्रगाळ करून, साखरेच्या पाण्यात मिसळून, कापूर इत्यादींनी सुगंधित करून नव्या मातीच्या भांड्यात ठेवलेले. हे विशेषेकरून पित्तहर सांगितले आहे.

या तिन्हींची घडण एकच आहे. आधार आहे मधुर, शीत, द्रव : पाणी, साखर, फळाचा गर किंवा धने. त्यावर अत्यल्प प्रमाणात एखादे सुगंधी, तीक्ष्ण, दीपन द्रव्य : मिरी, लवंग, कापूर. मधुर-शीत द्रव अधिक घेतला तर अग्नी मंद होतो, जडपणा येतो. तो होऊ नये म्हणून हा प्रक्षेप. त्याचे प्रमाण वाढवले तर पानकाचा हेतूच नष्ट होतो. मिऱ्याचे पानक कोणी करत नाही. पानकात मिरी घालतात.

पुदिन्याची जागा येथे निश्चित होते. पानकात मिरी-लवंग जेथे येते तेथे पुदिना यावा. मूठ-मूठ पाला वाटून केलेले हिरवे सरबत म्हणजे प्रक्षेपालाच आधार करणे होय. एका पेल्यास तीन ते पाच पाने, म्हणजे वजनाने सुमारे एक ग्रॅम, ही मर्यादा मी आता पाळतो व रुग्णांनाही तीच सांगतो.

ऋतुविचार

ग्रीष्मात चरकाने थंड, साखरयुक्त मंथ सांगितला आहे. वर्षाऋतुचर्येत मात्र उदमंथ वर्ज्य म्हटला आहे. म्हणजे एकच पेय दोन महिन्यांच्या अंतराने पथ्याचे अपथ्य होते. वेळापूरच्या वैद्याला हा विचार टाळता येत नाही, कारण आमच्या गावी श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम नेमका या संधिकाळात असतो. माळशिरसहून निघालेला सोहळा खुडूस फाट्याचे रिंगण आटोपून आषाढ शुद्ध पक्षात वेळापुरी येतो आणि पुढे भंडीशेगाव, वाखरीमार्गे पंढरीस जातो. मासगणनेने आषाढ ग्रीष्मात येतो. शोधनासाठीच्या गणनेत आषाढ-श्रावण हा प्रावृट् मानला आहे. प्रत्यक्षात एखाद्या वर्षी मुक्कामाच्या दिवशी कडक ऊन असते, तर एखाद्या वर्षी तंबूंभोवती चिखल. म्हणून ऋतू पंचांगावरून न ठरवता लक्षणांवरून ठरवावा.

ऊन, घाम, दाह, तृष्णा, अग्नी बरा अशी स्थिती असेल तर शीत पानक द्यावे व त्यात पुदिना अगदी नाममात्र असावा. ढगाळ हवा, अंग ओले, भूक मंद, पोटात गुडगुड, तोंडाला चव नाही अशी स्थिती असेल तर गार सरबत देऊ नये. तेथे पुदिन्याचा कोमट फांट किंवा पुदिना घातलेले ताक द्यावे. या दुसऱ्या स्थितीत पुदिन्याचे उष्ण वीर्य व दीपन कर्म पूर्णपणे उपयोगी पडते. एका वाक्यात सांगावयाचे तर ज्याला आपण उन्हाळ्याचे द्रव्य समजतो ते खरे पाहता पावसाळ्याचे द्रव्य आहे.

प्रत्यक्ष कल्पना

पुढील प्रमाणे माझ्या नित्य वापरातील आहेत. प्रकृती व अग्नी पाहून त्यांत फरक करावा.

१. धान्यक-पुदिना पानक (ग्रीष्म, पित्तप्रकृती). धने २० ग्रॅम भरड कुटून १२० मिली पाण्यात रात्रभर भिजवावेत. शार्ङ्गधराने हिमासाठी सांगितलेले एकास सहा हे प्रमाण येथे घेतले आहे. सकाळी कुस्करून गाळावे. त्यात खडीसाखर ३० ग्रॅम व माठातील पाणी घालून एकूण अर्धा लिटर करावे. पुदिन्याची १० पाने तळहातावर किंचित चुरून त्यात टाकावीत व दहा मिनिटांनी काढून घ्यावीत. पाने वाटू नयेत. वाटल्याने तिखट-कडवट अंश अधिक उतरतो. हे तीन जणांना पुरते. अम्लपित्ताच्या रुग्णास द्यावयाचे असल्यास पुदिना वगळावा.

२. निंबू-पुदिना पानक (ग्रीष्म, अरुची, मळमळ). लिंबाचा रस ३० मिली, साखर ४० ग्रॅम विरघळवून केलेले पाणी १८० मिली, लवंग एक, पुदिन्याची ६ पाने, चिमूटभर सैंधव. हे दोन जणांसाठी. मिऱ्याच्या जागी पुदिना आला आहे; म्हणून दोन्ही एकत्र घालू नयेत. आम्लतेमुळे पुदिन्याचा हिरवा रंग थोड्याच वेळात तपकिरी होतो, कारण पानातील हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते. तासन् तास गर्द हिरवे राहणारे सरबत रंग घातलेले आहे, असे समजण्यास हरकत नाही.

३. पन्हे. उकडलेल्या कैरीचा गर १०० ग्रॅम, गूळ किंवा साखर १०० ते १२५ ग्रॅम, पाणी ६०० मिली, वेलची दोन, पुदिन्याची ८ पाने. ग्रंथोक्त कापूर घालण्याचा आग्रह धरू नये. पूजेसाठी बाजारात मिळणारा कापूर बहुतांशी कृत्रिम असून तो पोटात घेण्यास अयोग्य आहे. त्याचे काम येथे पुदिना करतो.

४. तक्र-पुदिना (वर्षा, मंदाग्नी, आध्मान). लोणी काढलेले ताजे, गोड ताक २०० मिली, भाजलेल्या जिऱ्याची पूड १ ग्रॅम, सैंधव चवीपुरते, सुंठ चिमूटभर, पुदिन्याची ४ पाने बारीक चिरून. भोजनोत्तर घ्यावे. मधुमेही रुग्णासाठी साखरेच्या सर्व पानकांऐवजी हाच पर्याय योग्य होय.

५. पुदिना-आर्द्रक फांट (वर्षा, अजीर्ण, उदरशूल, छर्दी). पुदिन्याची ताजी पाने ५ ग्रॅम, आले ठेचून २ ग्रॅम, उकळते पाणी १५० मिली. पाणी ओतून भांडे लगेच झाकावे व सात-आठ मिनिटांनी गाळावे. झाकण विसरले तर सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जाते आणि उरतो तो नुसता पाल्याचा काढा. येथे पुदिन्याची मात्रा पानकापेक्षा अधिक आहे, कारण येथे तो औषध म्हणून योजला आहे. एकादशीचा उपवास साबुदाणा व शेंगदाण्यावर केल्यानंतर द्वादशीला पोट जड झालेले जे रुग्ण येतात त्यांना हा फांट उत्तम लागू पडतो.

आंबट पानके व ताक बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नयेत. मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे भांडे वापरावे.

निषेध व दक्षता

अम्लपित्त, ऊर्ध्वग रक्तपित्त, मुखपाक, आमाशयातील व्रण यांत पुदिना टाळावा. पेपरमिंटच्या चहासारखी पेये अन्नातील लोहाचे शोषण बरेच घटवतात. म्हणून पुनर्नवा मंडूर, नवायस यांसारख्या लोहकल्पांच्या वेळेस पुदिन्याचे पेय देऊ नये, किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. अतिलोमतेची तक्रार असलेल्या स्त्रियांत परसातील पुदिन्याचा चहा रोज दोनदा दिल्याने रक्तातील मुक्त टेस्टोस्टेरॉन घटल्याचे २००७ व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दोन छोट्या चाचण्यांत आढळले. अभ्यास लहान असले तरी रोजचा भरपूर पुदिना ही निरुपद्रवी बाब नाही, एवढे त्यातून निश्चित समजते.

दुसरी दक्षता स्वच्छतेची. आमच्याकडे पुदिना बहुधा मोरीच्या सांडपाण्यावर लावलेला असतो. तेथे तो फोफावतो म्हणून गृहिणीला त्याचे कौतुक असते. असा पुदिना कच्चा वापरू नये. 'पुदिना कोठे लावला आहे?' हा प्रश्न आता मी रुग्णास आवर्जून विचारतो. कुंडीत किंवा स्वच्छ पाण्याच्या वाफ्यात लावलेला पुदिनाच पानकासाठी घ्यावा, वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुवावे आणि पिण्यायोग्य पाण्यापासून केलेलाच बर्फ वापरावा. अशी खात्री नसेल तर फांट करावा.

तिसरी दक्षता सर्वांत महत्त्वाची. पानक हे तर्पण आहे, आत्ययिक चिकित्सा नव्हे. अतिसाराने क्षीण झालेल्या रुग्णास गोड सरबत पाजल्याने अतिसार वाढू शकतो. तेथे जलसंजीवनीच द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालापासूनच्या सूत्रात एक लिटर पाण्यास मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असे प्रमाण आहे. तयार पाकीट मिळत असताना अंदाजाने मिश्रण करू नये. उष्माघातात अंग तापलेले आणि रुग्ण असंबद्ध बोलणारा किंवा बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही पाजू नये. सावलीत नेऊन अंगावर गार पाणी घालीत, वारा घालीत त्वरित रुग्णालयात पाठवावे.

मद्यासह पुदिना

हा विषय आपल्या नियतकालिकात अनपेक्षित वाटेल, परंतु तरुण रुग्ण विचारतात आणि वैद्याने उत्तर द्यावयास हवे. रम, लिंबू, साखर, सोडा व पुदिना यांचे क्युबातील मोहितो आणि बर्बन व्हिस्कीत पुदिना घालून केलेले अमेरिकेच्या दक्षिण भागातील ज्यूलेप ही दोन मद्यमिश्रणे जगभर प्रसिद्ध आहेत. यांतील 'ज्यूलेप' हा शब्द मूळ फारसी 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी, याचे अरबी रूप 'जुलाब' यावरून युरोपात गेला. औषध पोटात जावे म्हणून दिले जाणारे गोड पेय असा त्याचा अर्थ होता. आपल्या मराठीत तोच शब्द रेचकासाठी राहिला. म्हणजे आज मद्यगृहात पोहोचलेले हे पेय मूळचे वैद्याच्या घरचे आहे.

ग्रीष्मात मद्य घेऊ नये, घेणाऱ्याने अल्प घ्यावे किंवा पुष्कळ पाणी मिसळून घ्यावे, असा चरकाचा अभिप्राय आहे. मद्य उष्ण, तीक्ष्ण, आशुकारी. पुदिनाही उष्ण व तीक्ष्ण. साखर व बर्फाने ही तीक्ष्णता जिभेला जाणवत नाही, त्यामुळे मात्रेचे भान सुटते. मद्याने मूत्रप्रवृत्ती वाढते, म्हणजे उन्हात पाणी अधिकच घटते. या पेयातील रुचकर भाग हवा असेल तर वरील निंबू-पुदिना पानकात साधा सोडा मिसळावा. मद्य वगळल्याने त्याच्या रुचीत फारशी उणीव राहत नाही, असे मला अनेकांनी सांगितले आहे.

औषधालयचालकांसाठी

उन्हाळ्यात पुदिना सरबताच्या बाटल्यांना मागणी येते. ताज्या पुदिन्याचे पानक टिकत नाही. ते त्याच दिवशी संपवावे. टिकाऊ सरबतासाठी साखरेचे प्रमाण वजनाने ६५ टक्क्यांच्या आसपास लागते, म्हणजे ते पानक न राहता पाक होते. ग्राहकास ते किती पट पाण्यात मिसळावे हे स्पष्ट सांगावे. खाद्य म्हणून विक्री करावयाची तर अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. ग्रंथोक्त पाककृतींसाठी 'आयुर्वेद आहार' विनियम २०२२ साली लागू झाले, त्यांचाही अभ्यास करावा. रोग बरा करण्याचा दावा खाद्याच्या वेष्टनावर करता येत नाही.

याहून गंभीर बाब पुदिनासत्त्वाची. पिपरमिंटचे फूल, ओव्याचे फूल व कापूर एकत्र केले की स्थिर राहणारा द्रव होतो. अमृतधारा या नावाने तो घरोघरी परिचित आहे. प्रौढास एक-दोन थेंबांच्या मात्रेत उपयोगी असलेला हा योग सरबत 'गार' करण्यासाठी थेंब-थेंब वाढवून वापरला जातो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. एका मातेने उन्हाळ्यात आठ महिन्यांच्या बालकाला पाण्यातून तो दिला होता. सुदैवाने मात्रा अत्यल्प होती आणि बालक सुखरूप राहिले. परंतु कापराने बालकांत आक्षेप येतात, आणि मेंथॉल लहान बालकाच्या नाकाशी लावल्यासही श्वास अडखळू शकतो. म्हणून ही बाटली देताना 'बालकांसाठी नाही, सरबतात घालू नये' ही दोन वाक्ये प्रत्येक ग्राहकास तोंडी सांगावीत. पुदिन्याचे पान आणि पुदिन्याचे सत्त्व यांत ऊस आणि मद्यार्क यांच्याइतके अंतर आहे. उसाच्या आमच्या तालुक्यात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

उपसंहार

१. परसातील पुदिना व मेंथॉलयुक्त पुदिना ही भिन्न द्रव्ये आहेत. २. मेंथॉलचा शीत स्पर्श ही संवेदना आहे. पुदिन्याचे वीर्य उष्णच आहे. ३. पानकात पुदिना प्रक्षेपरूपाने, पेल्यास तीन ते पाच पाने इतकाच असावा. ४. ग्रीष्मात तो नाममात्र, वर्षाऋतूत फांट व तक्राच्या रूपाने मोकळेपणाने वापरावा. ५. अम्लपित्तात टाळावा. ६. सत्त्व सरबतात घालू नये.

तो शेतकरी आजही माझ्याकडे येतो. परसातील पुदिना त्याने उपटला नाही. आषाढात पालखीच्या मुक्कामाला त्याच्या घरी उतरणाऱ्या वारकऱ्यांसाठी तो आता त्याच पुदिन्याचा आल्यासह फांट करतो आणि स्वतः धन्याचे पाणी घेतो. द्रव्य तेच, घर तेच. योजना तेवढी बदलली. 'थंड काय घेऊ?' या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी 'कोणाला, कोणत्या ऋतूत आणि किती?' हे तीन प्रतिप्रश्न आपण स्वतःला विचारावेत, एवढीच सर्व वैद्यमित्रांस विनंती.